कडगंचीची पोथी आणि कडगंचीचे विद्यापीठ

विद्यापीठातील अध्यापकालाही शिकविण्याचे शिक्षण द्यावे लागते, ही गोष्ट आपल्याकडे फार उशिरा मान्य झाली. प्राथमिक शिक्षकाला ट्रेनिंग कॉलेजची पायरी चढावी लागे, हायस्कुलातील शिक्षकाला बी. टी. किंवा बी. एड. व्हावे लागे, पण एम. ए. होऊन जो प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसला त्याला अध्यापनाची कला उपजतच साध्य आहे, असे आपण धरून चाललो होतो. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने हा समज मोडला. पुढच्याच वर्षापासून निरनिराळ्या विद्यापीठांत ‘अकॅडेमिक स्टाफ कॉलेज’ या नावाच्या संस्था निघू लागल्या. गोवा विद्यापीठातही अशी संस्था होती. २०१५ च्या सुमारास त्यांचे ‘मानव संसाधन विकास केंद्र’ झाले आणि २०२३ साली ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र’. ही केंद्रे आता शंभराहून अधिक आहेत, आणि उच्च शिक्षणातील सुमारे पंधरा लक्ष अध्यापकांना त्यांच्याद्वारे तयार करावयाचे असा संकल्प सोडलेला आहे. संकल्प मोठा आहे, यात शंका नाही.

या मिशनच्या उद्बोधन वर्गासाठी आठ विषय नेमले आहेत. त्यांत भारतीय ज्ञानपरंपरा आहे, संशोधन आहे, कारभार आणि नेतृत्व आहे, संगणकादी साधने आहेत. आणि ‘विद्यार्थ्यांतील विविधता व समावेशक शिक्षण’ हाही एक स्वतंत्र विषय आहे. आमचे आजचे परीक्षण या एकाच विषयापुरते आहे. तेही आम्ही दिल्लीच्या बाजूने करणार नाही. खजुरीच्या बाजूने करू.

खजुरी हे कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील, महाराष्ट्राच्या अगदी शिवेवरचे गाव. उमरग्याकडून कलबुर्गीला जाताना सीमा ओलांडली की खजुरी लागते, मग आळंद, आणि आळंदहून कलबुर्गीच्या वाटेवर कडगंची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशाचे तीन तुकडे झाले तेव्हा ही शीव पडली. उस्मानाबाद जिल्हा मुंबई राज्यात गेला. गुलबर्गा, रायचूर आणि बीदरचा बराचसा भाग म्हैसूर राज्यात आला. सोयरीक मात्र नकाशा पाहून होत नाही. या पट्ट्यात घरी मराठी, शाळेत कानडी, बाजारात दोहोंचे मिश्रण आणि त्यात दखनीची फोडणी, असा व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालू आहे. सीमावादाच्या न्यायान्यायाशी आम्हांला येथे कर्तव्य नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तेथे चालो. आमचा प्रश्न अधिक लहान, आणि आमच्या मते अधिक निकडीचा आहे. या पट्ट्यातील मुलगी विद्यापीठाच्या वर्गात जाऊन बसते तेव्हा तिच्यापुढे उभ्या असलेल्या अध्यापकाला ती कोण आहे हे ठाऊक असते काय?

विद्यापीठ तिला दूर नाही. २००९ च्या केंद्रीय विद्यापीठ कायद्यान्वये स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ तिच्याच तालुक्यात, कडगंचीला आहे. आणि कडगंची म्हटल्यावर आमच्या वाचकांच्या मनात विद्यापीठाच्या आधी दुसरेच काही जागे होईल. दत्तभक्तांच्या परंपरेप्रमाणे सायंदेवाचे गाव ते हेच. नृसिंहसरस्वतींचा तो शिष्य. त्याच्या वंशातील सरस्वती गंगाधराने सोळाव्या शतकात ‘गुरुचरित्र’ रचिले. महाराष्ट्रात, गोमंतकात, कारवारात ज्या घरांत दत्तजयंतीचा सप्ताह बसतो त्या घरांत ही पोथी सोवळ्यात वाचली जाते. पण ती कानडी मुलखातील एका माणसाने लिहिली आहे याची आठवण सप्ताहात क्वचितच कोणाला होते. ग्रंथकार स्वतः मात्र ती गोष्ट लपवीत नाही. आपणांस महाराष्ट्र भाषा नीट येत नाही, असे तो मोकळेपणाने सांगतो. ज्याची मातृभाषा कानडी, त्याने ज्या श्रोत्यांना कथा सांगावयाची त्यांच्या भाषेत लिहिले, अडखळत लिहिले, आणि त्या अडखळण्यासकट ग्रंथ प्रमाण ठरला. शिवाय सायंदेव गुरूंची स्तुती करतो त्या स्थळी कानडी पदे आहेत, ती त्याने कानडीच ठेवली. त्यांचे मराठी करून टाकले नाही. आजही पुण्यामुंबईचा वाचक त्या ओळींपाशी आला की त्याची जीभ घुटमळते. ते घुटमळणे आम्हांला मोलाचे वाटते. आपल्या भाषेबाहेरही देवाला हाक मारणारे लोक आहेत, हे त्या दोन क्षणांत पोथी त्याला शिकवून जाते.

अध्यापनाच्या दृष्टीने पाहिले तर यात एक पूर्ण सिद्धांत दडलेला आहे. श्रोता सांगणाऱ्याच्या भाषेपर्यंत चढून येईल तेव्हा येईल. तोवर सांगणाऱ्याने दोन पायऱ्या उतरावे, आणि उतरताना आपले कानडीपण टाकूनही देऊ नये. हे काम सरस्वती गंगाधराने केले. त्याच गावच्या माळावर आज जे विद्यापीठ उभे आहे तेथे हे काम कोणी करते काय, असे विचारणे म्हणजे विद्यापीठावर दोषारोप करणे नव्हे. आमच्या देशातील बहुतेक विद्यापीठांना हाच प्रश्न विचारावा लागेल. कडगंचीला तो विचारावासा वाटतो तो स्थानमाहात्म्यामुळे, इतकेच.

आता विद्यापीठाचे दार पाहू. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी वर्गांतील प्रवेशासाठी देशभर एकच सामायिक परीक्षा होते. ती तेरा भाषांतून देता येते. त्यांत कानडी आहे, मराठी आहे, उर्दू आहे. म्हणजे आमच्या खजुरीच्या मुलीला मराठीतून प्रश्न वाचून विद्यापीठाच्या दारापर्यंत येता येते. (कोंकणी त्या तेरांत नाही. १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळालेल्या भाषेची ही स्थिती आहे. आमच्या कोंकणी वाचकांनी याचा विचार स्वतंत्रपणे करावा.) पण उंबरठा ओलांडला की सारे इंग्रजीत. पहिल्या तासापासून इंग्रजी व्याख्यान, इंग्रजी ग्रंथ, इंग्रजी उत्तरपत्रिका. दाराशी तिची भाषा विचारणारे आत गेल्यावर ती विसरतात.

पंढरपूरचे मंदिर हरिजनांना मोकळे व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, तेव्हा मागणी दाराची होती, आणि त्या काळी दाराचीच मागणी योग्य होती. परंतु देवळाशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे अशा आमच्या वाचकांना हे सांगावयास नको की दार उघडणे निराळे आणि आत आलेल्याला पंगतीत पान वाढणे निराळे. दारासाठी कायदा करता येतो. पान वाढायला माणूस लागतो. शिक्षणक्षेत्रातही दाराचे कायदे आपण पुष्कळ केले आणि ते करणे अवश्यच होते. घटनेच्या ३७१-जे कलमान्वये हैदराबाद-कर्नाटकाला (२०१९ पासून कल्याण कर्नाटक) शिक्षणात व नोकऱ्यांत विशेष राखीव जागा मिळाल्या; २०१६ च्या अपंगत्वविषयक कायद्याने उच्च शिक्षणात निदान पाच टक्के जागा राखल्या; समतेविषयीचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली केले. वाढपी कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरला. आणि अध्यापकांचे प्रशिक्षण हे त्याचेच उत्तर म्हणून पुढे आले.

ते उत्तर कसे आहे? प्रशिक्षणाची रचना पाहिली तर समावेश हा ‘विषय’ आहे. म्हणजे तो तासाला नेमून दिलेला आहे. तज्ज्ञ येतात, किंवा पडद्यावर दिसतात. जात, लिंग, अपंगत्व, भाषा, दारिद्र्य यांची नावे घेतली जातात. श्रोते अध्यापक असतात, म्हणजे वर्गात बसून दुसरे काही करण्याची विद्या त्यांना विद्यार्थ्यांहून अधिक चांगली येते. शेवटी प्रश्नावली भरली जाते व प्रमाणपत्र मिळते. हे प्रमाणपत्र पदोन्नतीच्या कागदांना जोडावे लागते, आणि खरी गोम येथे आहे. ज्या वस्तूवाचून बढती अडते ती वस्तू माणूस मिळवतो. तिचा उपयोग करीलच असे नाही. या वर्गांना जाणाऱ्या अध्यापकांना आम्ही दूषण देत नाही. त्यांतील कित्येक मनापासून ऐकतात आणि परत आल्यावर काही करू पाहतात. पण परत आल्यावर त्यांना विचारणारे कोणी नसते. प्रशिक्षण केंद्रात होते, अध्यापन महाविद्यालयात होते, आणि दोहोंच्या मध्ये आगगाडीचा प्रवास असतो. विलायतेतही हीच अडचण आली. १९९७ च्या डिअरिंग समितीने विद्यापीठीय अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा पुरस्कार केला, त्यातून संस्था निघाल्या, त्यांचीही नावे पुढे दोनदा बदलली. नावे बदलण्याची हौस केवळ आपल्याकडेच आहे असे नाही, एवढाच दिलासा.

‘गुरुचरित्रा’तील एक प्रसंग या संदर्भात आम्हांला वारंवार आठवतो. वाचकांना तो ठाऊक आहे. यवन राजाच्या आश्रयाने माजलेले दोन विद्वान ब्राह्मण वेदचर्चेचे आव्हान देत, जयपत्रे मागत फिरतात. त्रिविक्रमभारती त्यांना गाणगापुरास घेऊन येतो. गुरू पुष्कळ समजावतात, ते ऐकत नाहीत. तेव्हा वाटेने जाणाऱ्या एका अंत्यजाला गुरू बोलावतात, भूमीवर सात रेषा काढवितात, आणि एकेक रेषा ओलांडताना त्याला एकेका पूर्वजन्माची आठवण होत जाते. सातव्या रेषेपलीकडे तो वेदवेत्ता होतो. गुरू त्याच्या अंगावर भस्म टाकतात, आणि गर्विष्ठ विद्वानांची वाचा बसते.

येथवर कथा कीर्तनात नेहमी येते आणि श्रोते प्रसन्न होतात. आम्हांला पुढचा भाग अधिक विचार करावयास लावतो. तो मनुष्य घरी परतू इच्छीत नाही. त्याची बायकामुले येतात; तो त्यांना जवळ येऊ देत नाही. आपण आता ब्राह्मण आहो, मग परत का जावे, असे तो विचारतो. गुरू त्याला कर्मविपाक सांगतात, आणि शेवटी त्याच्या अंगावर पाणी ओतवून भस्म धुऊन टाकवितात. भस्म उतरले, आठवण गेली, तो मुकाट्याने बायकामुलांबरोबर घरी गेला. पुढचा अध्याय भस्ममाहात्म्याचा आहे. त्या मनुष्याचे पुढे काय झाले ते पोथी सांगत नाही. सोळाव्या शतकातील ग्रंथकाराकडून आजच्या न्यायबुद्धीची अपेक्षा करणे अडाणीपणाचे होईल, आणि पोथीची पूज्यता कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण वाङ्मयाचा वाचक म्हणून एक गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही: त्या मनुष्याची विद्या दुसऱ्या कोणाचा गर्व उतरविण्यापुरती हवी होती. काम झाले, पाणी ओतले. (ही पोथी स्त्रियांनी वाचू नये असा दंडक ठिकठिकाणी सांगितला जातो, आणि पुष्कळ घरांतून आज तो मोडलाही जातो. पोथीतील कथा ऐकणाऱ्यांत आणि कथांचे विषय होणाऱ्यांत स्त्रिया किती आहेत हे पाहिले, म्हणजे तो दंडक मोडणाऱ्यांचा राग येत नाही.)

समावेशाच्या आधुनिक प्रशिक्षणातही हा भस्माचा प्रकार आम्हांला दिसतो. विविधता दाखविण्यासाठी सभेत ज्याला उभे करावयाचे, अहवालात ज्याचा फोटो छापावयाचा, असा विद्यार्थी प्रत्येक संस्थेत असतो. त्या दिवसापुरता तो सातव्या रेषेपलीकडे जातो. दुसऱ्या दिवशी वर्गात तो शेवटच्या बाकावर, तसाच मुका.

त्या मुकेपणाकडे आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे. समावेश झाला की नाही, याची आमच्या मते एकच पारख आहे: विद्यार्थी प्रश्न विचारतो काय? याच हैदराबाद संस्थानाच्या इतिहासात हे ओळखणारा एक मोठा शिक्षणकार होऊन गेला. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय काढले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, आणि कॉलेजची पायरी ज्यांच्या घराण्यात कोणी चढले नव्हते अशी मुले तेथे येणार होती. त्या महाविद्यालयाला पुढे नाव दिले ते मिलिंदाचे; नागसेनापुढे बसून शंका विचारणाऱ्या राजाचे. परिसराला नागसेनवन म्हटले, पण कॉलेजला नाव मिळाले प्रश्नकर्त्याचे, उत्तर देणाऱ्याचे नव्हे. अध्यापक-प्रशिक्षणाच्या आठ विषयांचा सारांश कोणाला एका शब्दात हवा असेल तर तो त्या नावात आहे.

प्रश्न विचारण्यासाठी प्रथम भाषा लागते. आणि खजुरीच्या मुलीची कोंडी येथे दुहेरी आहे. तिला शंका येते ती मराठीत किंवा कानडीत. ती इंग्रजीत घडविता घडविता तास संपतो. हा बुद्धीचा दोष नव्हे, पण अध्यापकाच्या नोंदीत तो बुद्धीचाच दोष ठरतो. तिचे अपुरे इंग्रजी ऐकून वर्ग हसला, तर ती पुन्हा तोंड उघडत नाही. जात, गाव, स्त्रीत्व, या सगळ्या अडचणी भाषेच्या एका दारातून वर्गात येतात आणि त्यांचा चेहरा भाषेचा असल्यामुळे त्या ओळखू येत नाहीत.

यावर एक बलवान आक्षेप आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. इंग्रजीनेच तर दलितांना व बहुजनांना पंडितांच्या मक्तेदारीतून सोडविले. आता त्यांची मुले इंग्रजीपाशी पोचली, तोच तुम्ही मातृभाषेचा मंत्र म्हणू लागलात, असे विचारणारे लोक आहेत आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. या मुलखाला मातृभाषा नाकारली जाण्याचा अनुभव इंग्रजीपूर्वीचाही आहे. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. देशी भाषेतून आधुनिक शास्त्रे शिकविण्याचा तो धाडसी प्रयोग होता. त्यासाठी भाषांतराचे एक मोठे खाते चालविले गेले. परंतु ती देशी भाषा दरबाराची होती. मराठी, कानडी, तेलुगू मुलाला एका परक्या भाषेऐवजी दुसरी मिळाली. म्हणून ‘देशी भाषा’ हा शब्द आम्हांला आपोआप पवित्र वाटत नाही. इंग्रजी शिकवावी, उत्तम शिकवावी. तिच्यापर्यंत पोचण्याचा पूल कोणत्या भाषेचा, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि तो पूल बांधणे हे अध्यापकाचे काम आहे की विद्यार्थिनीचे?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. केंद्रीय विद्यापीठातील अध्यापक केरळातून येईल, मणिपुरातून येईल. त्याने कानडी, मराठी आणि दखनी शिकावी काय? सगळे शिकणे नको. पण पहिल्या महिन्यात त्याने आपल्या वर्गातील प्रत्येकाच्या घरची भाषा, शाळेची भाषा आणि गाव माहीत करून घेतले, शंका कोणत्याही भाषेत विचारा, शेजारचा मला सांगेल, अशी मुभा दिली, आपल्या विषयातील पन्नास संज्ञांची कानडी-मराठी यादी विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतली, तर त्याला कोणती भाषा शिकावी लागली? एका अध्यापकाने दुसऱ्याच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसावे, कोण बोलते आणि कोण बोलत नाही ते टिपावे, आणि तास संपल्यावर दोघांनी चहा घेता घेता त्याविषयी बोलावे. पडद्यावरील दोन आठवड्यांपेक्षा अशा चार तासांचा आम्हांला अधिक भरवसा वाटतो. अंध विद्यार्थ्याच्या लेखनिकाची सोय, चाकाच्या खुर्चीचा उतार, या गोष्टींची तपासणीही अशीच, वर्गातल्या वर्गात होते. व्याख्यानात होत नाही.

आयोगाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळविले की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्याला परीक्षेत स्थानिक भाषेत उत्तर लिहिण्याची मुभा असावी. ही सूचना आम्हांला समावेशावरील पुष्कळ व्याख्यानांहून मोलाची वाटते, कारण तिने प्रथमच उत्तरपत्रिकेला हात घातला. पण ‘स्थानिक भाषा’ म्हणजे कोणती? कडगंचीला ती कानडी, असे कोणीही सांगेल, आणि कानडी मुलांना तो न्याय मिळावाच. कारवारच्या कोंकणी मुलाची स्थानिक भाषा कोणती? घटनेच्या ३५०-अ कलमाने भाषिक अल्पसंख्य मुलांच्या मातृभाषेची जी काळजी वाहिली आहे ती प्राथमिक शाळेपुरती आहे. विद्यापीठात पोचलेल्या मुलाने ती मागे टाकली असे गृहीत धरलेले दिसते. खजुरीच्या मुलीने अर्थशास्त्राचे उत्तर मराठीत लिहिले तर ते तपासणार कोण, ही गोष्ट त्या सूचनेत नाही. आणि अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी नेमलेल्या आठ विषयांपैकी कोणत्या विषयात ती येते, तेही आम्हांला सापडले नाही.